आमची बोली कोणाच्या खात्यात मांडता?



खाते म्हणजे काय, हे गिरणीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्रासन खाते, वाइंडिंग खाते, साचेखाते! ज्या खात्यात नाव, त्या खात्याचा पगार, त्या खात्याचा भत्ता, त्याच खात्याचा बोनस. हजेरीबुकात नाव एकदा चुकीच्या खात्यात चढले, की ते काढायला चपला झिजवाव्या लागतात. मुकादम म्हणतो मास्तरला विचार, मास्तर म्हणतो हापिसात जा, आणि हापिसातला बाबू म्हणतो, कागदावर आहे तेच खरे.

आता साऱ्या देशाची हजेरी व्हायची आहे. २०२१ साली व्हायची जनगणना तेव्हा राहून गेली, ती आता २०२७ च्या नावाने होते आहे आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला आहे. प्रत्येक गणनेत गणक दारात येतो तसा याही वेळी येईल. नाव विचारील, वय विचारील, धंदा विचारील. आणि आजवरच्या रिवाजाप्रमाणे विचारील, की तुमची मातृभाषा कोणती? सवाल एका ओळीचा. उत्तर एका शब्दाचे. पण या एका शब्दावर राज्ये उभी राहिलेली आहेत आणि माणसे गोळ्या खाऊन पडलेली आहेत. म्हणून भंडाऱ्याच्या माणसाने त्या दिवशी काय बोलावे, यावर आज आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

आधी आमची स्वतःची एक हकिकत ऐका. एका गिरणीत आमच्यातला एकजण बदलीवर होता. गाव लाखांदूरकडचे. तीन दिवस कामावर आला नाही. चौथ्या दिवशी उभे केले साहेबांपुढे. का नाही आलास? तो म्हणाला, "डोरे आले होते जी." खरेच आले होते, लालभडक डोळे, त्यातून पाणी वाहते आहे, साच्यावर तार तुटली तर दिसायची नाही. कारकून बाहेरगावचा. त्याने ऐकले "ढोरे", आणि लिहिले, की सदर कामगार घरची जनावरे आली म्हणून गैरहजर राहिला. खाली अंगठा घेतला. तीन दिवसांचा पगार गेला, वर मेमो आला, आणि खात्यात महिनाभर थट्टा चालली. "काय रे झाडप्या, ढोरे आली का घरला?" आम्हीही हसलो तेव्हा. सांगायला लाज वाटते, पण हसलो. त्याच्या डोळ्यातले पाणी समोर दिसत असताना कागदावर लिहिलेली ढोरे आम्हाला खरी वाटली.

ज्या शब्दापायी त्याचा पगार गेला, तो शब्द चुकलेला नव्हता. झाडीबोलीत ळ नाही. ळ च्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो, काळा तो कारा, पिवळा तो पिवरा. ण नाही, पाणी ते पानी. श नाही, शेत ते सेत. हा नियम आहे, अडाण्याची चूक नव्हे. वऱ्हाडातला भाऊ याच डोळ्याला डोया म्हणतो, त्याचाही नियम आहे. पुण्याच्या माणसाने ळ म्हटले तर ती भाषा, आणि पवनीच्या माणसाने र म्हटले तर ती थट्टा, हा न्याय कोणत्या पाटीवर कोरलेला आहे?

वैनगंगेच्या दोन्ही तीरांचा हा मुलूख, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीचा पूर्वेकडचा भाग, याला जुने लोक झाडीमंडळ म्हणत आले. आज झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे रान. कापसाचा वऱ्हाड काळ्या मातीचा, आणि हा धानाचा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने खोदलेले नवेगाव बांधासारखे तलाव पाहा, म्हणजे इथल्या माणसाने पाण्याशी काय करार केला होता ते कळते. आणि ज्याचे पोट धानावर, त्याची बोलीही धानाचीच असायची. छोट्या तळ्याला बोडी. धानाच्या वाफ्याला बांधी. उगवलेल्या कोवळ्या रोपांना पऱ्हे. ते उपटून चिखलात लावायचे ती रोवणी. न रोवता बी फोकून पेरायचे ते आवत्या. मळणीला चुरणे. उरलेल्या काडाला तनस. आता पुण्या-मुंबईच्या शब्दांनी एवढे सगळे सांगून पाहा. प्रत्येक शब्दाला एक वाक्य लागेल, आणि तेवढ्यात पाऊस येऊन जाईल. बोली म्हणजे मोडकी भाषा असे समजणाऱ्या शहाण्यांना आमचे सांगणे आहे, की एकदा आषाढात रोवणीला या. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया जे बोलतात, त्यातला निम्मा भाग तुमच्या शब्दकोशात सापडायचा नाही.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी हे शब्द गावोगाव फिरून गोळा केले, कोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने भरवण्याच्या कामी आयुष्य घातले. खेड्यात संमेलने भरली, बैलबंडीतून माणसे आली. हे काम विद्यापीठांनी कधीच करायला हवे होते. एका माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी ते केले.

बोली कोशात राहते तशी ती मंडईतही राहते. दिवाळी झाली, धान घरात यायला लागला, की गावोगाव मंडई भरते. तुम्ही मंडईसाठी किती खाडे केलेत ते आम्हाला माहीत आहे! नागपूरची गाडी धरायची, भंडारा रोडला उतरायचे, रात्री दंडार, नाहीतर खडी गंमत; शाहीर उभा, ढोलकी तापलेली, नाच्या लुगडे नेसून आलेला, आणि सोंगाड्या मालगुजाराची, पाटलाची, पुढाऱ्याची पार चामडी सोलतो आहे. मालगुजारी कायद्याने १९५१ मध्ये गेली, पण सोंगाड्याला मालगुजार अजून पुरतो. नाव बदलून घेतो एवढेच. रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके देसाईगंज-वडशाहून निघतात आणि होळीपर्यंत गावे फिरतात. तिथली तिकिटे मजुरीच्या पैशातून निघतात, सरकारी अनुदानातून नव्हे. या रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. बरे झाले. दिल्लीला झाडीपट्टी दिसायला एवढी वर्षे लागली, याचे आम्हाला नवल वाटत नाही. मुंबईला तरी ती कुठे दिसली होती?

कोणी म्हणेल, रानातली बोली, तिला इतिहास कसला? त्याने पवनीला जावे. १९६९-७० साली तिथे खोदकाम झाले आणि जमिनीखालून बौद्धांचे स्तूप निघाले, दोन हजार वर्षांमागचे, प्राकृतातले लेख कोरलेले. ज्या प्राकृतातून मराठी आली, ती आमच्या नदीकाठी दगडावर लिहिली जात होती. वैनगंगेच्या संगमावर अंभोरा आहे. 'विवेकसिंधू' लिहिणारा मुकुंदराज इथलाच, अशी या भागाची परंपरा आहे. आंबेजोगाईवाले तो आपला म्हणतात. भांडोत बिचारे, कवीवरून भांडण होणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'तले चक्रधर याच रानवाटांनी फिरले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्या वेळी तिच्या वयाचे दाखले पुन्हा पुन्हा दिले गेले. त्या दाखल्यांत विदर्भाचा वाटा मोठा आहे. ढोल मुंबईत वाजले.

आता चळवळीची गोष्ट. ती सांगताना आम्ही आमच्याच माणसांचे कान धरणार आहोत, तेव्हा रागावू नका.

संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर. म्हणजे हा सवाल काढणाऱ्यांत विदर्भ पहिल्यापासून होता. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार. त्यात विदर्भाला काय काय द्यायचे कबूल केले होते, ते पुन्हा वाचले तर आज पोटात कालवाकालव होते. १९५५ साली फाजल अली आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे, एका राज्याची भाषा एकच असावी, पण एका भाषेची सारी माणसे एकाच राज्यात कोंबली पाहिजेत असे नाही. मराठी माणसांची त्यांनी चार राज्ये सुचवली. आणि याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्याने पाडले होते! जिल्ह्याच्या इतिहासातला हा डाग आम्ही झाकून ठेवणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरण्यांतले, गोदीतले, हातावर पोट असलेले किती होते हे कामगारांना सांगायला नको. एक राज्य की दोन, या वादावर या सभेतही दोन्ही मतांची माणसे बसलेली आहेत, ते आम्ही जाणतो. तो वाद आज आम्ही उकरत नाही. आज सवाल वेगळा आहे.

सवाल असा, की त्या सगळ्या वर्षांत मराठी माणसे मोजली कशी? जनगणनेचे आकडे काढले, तालुक्यांची यादी केली, आणि म्हटले, एवढे मराठी. त्या आकड्यात झाडीवाले होते, वऱ्हाडी होते, अहिराणीवाले होते, मालवणी होते. मोजताना सगळे मराठी! मोजून झाल्यावर, राज्य आल्यावर, शाळा उघडल्यावर, आकाशवाणी बोलू लागल्यावर मराठी कोणती? तर एकाच शहराची. बेरजेला आमची डोकी चालली, पाठ्यपुस्तकात आमचा शब्द चालला नाही. ही चूक चळवळीची आहे, आणि आम्ही चळवळीतले असल्यामुळे आमचीही आहे.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय निघाला तेव्हा सारा महाराष्ट्र उठला. मुलाला पहिली अक्षरे मायबोलीत मिळाली पाहिजेत, असे प्रत्येक व्यासपीठावरून गर्जले गेले, आणि २९ जून २०२५ ला सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. छान झाले. आम्हीही ओरडलो होतो. पण घरी येताना मनात आले, की साकोलीच्या पोराची मायबोली कोणती? तो वर्गात "डोरा" म्हणाला तर गुरुजी काय करतात? त्याच्या हातावर छडी बसत असेल, तर आम्ही मुंबईला जो न्याय मागितला तो आमच्याच शाळेत आम्ही देत नाही. गोंडी बोलणाऱ्या पोराचे तर विचारूच नका.

आता त्या गणकाच्या कागदाकडे परत येऊ. कारण खात्याची खरी गंमत तिथे आहे.

कागदावर तुम्ही जे नाव सांगाल ते लिहिले जाते. हा नियम आहे, नीट ध्यानात धरा. मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने तुमच्याशी बोललेली भाषा; आणि ती भाषा आहे की बोली, हे ठरवण्याचा अधिकार दारात आलेल्या गणकाला नाही. ठरते नंतर, दूर हापिसात. तिथे सांगितलेली हजारो नावे छाटून, जोडून, एकेका मोठ्या भाषेच्या खात्यात घालतात. १९६१ च्या गणनेत अशी १६५२ मातृभाषांची नावे निघाली होती. २०११ च्या गणनेत दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली नावे वेगळी छापलीच नाहीत; ती 'इतर' मध्ये गेली. मराठीच्या खात्यात आठ कोटी तीस लाख माणसे आहेत, पण त्या पोटात आमच्या झाडीबोलीचा आकडा शोधू जाल तर मिळायचा नाही. लाजेने आम्ही सांगितलीच नाही, किंवा सांगितली ती थोड्यांनी.

आणि जी सांगितली गेली तिचे काय झाले? आमच्या शेजारची पोवारी घ्या. तुमसर, गोंदिया, बालाघाट, शिवनी या पट्ट्यातल्या पोवार घरांची बोली. २०११ ला तीन लाखांहून अधिक माणसांनी तिचे नाव सांगितले. हापिसाने ती घातली हिंदीच्या खात्यात. हलबी घ्या. ग्रियर्सन साहेबाने १९०५ साली भाषांच्या पाहणीचा सातवा खंड छापला, त्यात हलबी मराठीच्या घरात बसवली होती. नागपुरी मराठीच्या पोटात त्याने गोवारी, कोष्टी, कुंभारी अशी जातवार नावेसुद्धा नोंदली होती. तीच हलबी आजच्या गणनेत मराठीतही नाही, हिंदीतही नाही, स्वतंत्र आहे, साडेसात लाखांहून अधिक लोकांची. एकाच पट्ट्यातल्या तीन बोल्या. एक हिंदीत, एक स्वतंत्र, एक मराठीच्या पोटात अदृश्य. हे कोणी ठरवले? बोलणाऱ्यांना कोणी विचारले?

गैरसमज नको. पोवारी ओढून मराठीत आणा, असे आम्ही म्हणत नाही. पोवार भावांना जे वाटते ते त्यांनी सांगावे. ते म्हणाले आमची भाषा स्वतंत्र, तर स्वतंत्र. दुसऱ्याच्या घरात पाय टाकून आपले घर मोठे करायचे, ही रीत आम्हाला नको; तीच रीत आमच्यावर चालली म्हणून तर हा लढा झाला. आमचे म्हणणे इतकेच, की खाते बोलणाऱ्याच्या तोंडून ठरावे.

खाते चुकीचे पडले तर काय होते, याचा दाखला आम्ही जरा लांबून आणतो. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा देश आहे. केवढा? सारी वस्ती सुमारे एकवीस लाख. २०११ च्या गणनेने भंडारा बारा लाख आणि गोंदिया तेरा लाख. म्हणजे आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्याहून तो देश लहान! आणि एवढ्याशा देशात बोल्या चाळीसच्या वर, एका डोंगरापलीकडचे दुसऱ्या डोंगरावाल्याला नीट समजत नाही. शतकानुशतके वर राज्य जर्मन बोलणाऱ्यांचे. १५५० साली त्रुबार नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांच्या भाषेतले पहिले पुस्तक छापले, आणि तेवढ्यावर ही माणसे तग धरून राहिली. आपल्या कापड कामगारांना आणखी एक गोष्ट ऐकायला आवडेल. १९३६ साली तिथल्या क्रांज गावातल्या कापड गिरण्यांत मोठा संप झाला, कामगार गिरणीतच ठाण मांडून बसले. भाषा टिकवणाऱ्यांत नुसते कवी नव्हते.

त्या देशाच्या उत्तरेला करिंथिया. पहिल्या महायुद्धानंतर १० ऑक्टोबर १९२० ला तिथे मतदान झाले. ज्या पट्ट्यात मत घेतले तिथे बहुसंख्य लोक स्लोव्हेन बोलणारे; तरी पट्टा ऑस्ट्रियाकडे गेला. का गेला, त्याची कारणे पुष्कळ आहेत. बाजार, शेतमाल, जुन्या राज्याची सवय. मत दिले ते दिले, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. तिथल्या खेडुतांना सांगण्यात आले, की तुम्ही बोलता ती स्लोव्हेन नव्हेच, ती 'विंडिश', निराळी बोली, अर्धी जर्मन. १९५१ च्या ऑस्ट्रियाच्या गणनेत तर स्लोव्हेन वेगळे, विंडिश वेगळे, जर्मन-विंडिश वेगळे, विंडिश-जर्मन वेगळे अशी खाती पाडली. एका ताण्याचे तुकडेच तुकडे! प्रत्येक तुकडा इतका लहान, की त्याला शाळा द्यायला नको, गावाच्या पाटीवर नाव द्यायला नको. आज तिथे स्लोव्हेन बोलणारे मूठभर उरले आहेत.

म्हणजे बंधूंनो, फास दोन आहेत आणि दोन्ही कागदाचेच आहेत. एक फास म्हणतो, तुमची बोली मराठीच नव्हे, तुम्ही निराळे. दुसरा म्हणतो, मराठी एकच, बोलीचे नाव काढू नका, फूट पडेल. पहिला आम्हाला घरातून बाहेर काढतो, दुसरा घरात ठेवतो पण तोंड शिवतो. आणि दुसरा फास आपल्याच माणसांच्या हातात असल्यामुळे तो जास्त सोसला जातो.

बालाघाटचे उदाहरण तर आमच्या दाराशीच आहे. १८६७ साली इंग्रजांनी भंडारा, शिवनी, मंडला यांचे तुकडे जोडून तो जिल्हा केला. १९५६ ला रेषा पडली, भंडारा इकडे, बालाघाट तिकडे. रेषेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी आजही होतात. तिकडे गेलेली आमची लेक चार वर्षांनी येते तेव्हा हिंदी मिसळून बोलते, आणि इकडची भावजय हसते. हसू नका. नकाशावरची रेषा तिने आखलेली नाही.

आता आमच्या पुढाऱ्यांपैकी काही जण म्हणतील, आणि खात्यातले तरुण कॉम्रेड तर म्हणतातच, की बोलीबिली हे पोट भरलेल्यांचे चाळे. गिरण्या गेल्या, त्याचे बोला. बोलू ना! नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि २००२ ला बंद पडली. सव्वाशे वर्षे झाडीपट्टीच्या पोरांनी तिथे कापूस गिळला. १९२० साली राजनांदगावच्या गिरणीत ठाकूर प्यारेलाल सिंहांच्या मागे कामगार उठले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले किती परत आत गेलेच नाहीत. हे सारे खरे. पण सांगा, या प्रत्येक लढ्यात सभेला लोक कोणत्या भाषेने जमले? करार कोणत्या भाषेत झाले? देणी बुडाली, तेव्हा हातात आलेला कागद कोणत्या भाषेतला होता, आणि किती जणांनी तो न वाचता अंगठा टेकवला? तो लाखांदूरवाला आमचा सोबती आठवा. त्याचे तीन दिवसांचे पैसे भाषेपायीच गेले. पोटाचा सवाल आणि भाषेचा सवाल अशी दोन खाती मालकाने पाडली आहेत. आम्ही ती मानत नाही.

आणि गिरणी सुटलेला माणूस परत गेला कुठे? गावाला. मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्ट्यांच्या घरी अजून माग वाजतात. ऐनाच्या झाडावर ढिवर भाऊ कोसा पाळतात, त्या कोशाचे सूत, त्याचे करवतकाठी लुगडे. ज्यांनी गिरणीत साचा चालवला त्यांनी हे लुगडे हातात घेऊन पाहावे. काठाचे सूत वेगळे, अंगाचे सूत वेगळे, तीन धोटे फिरतात, आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात असा अडकवतात, की करवतीचे दात दिसतात. काठ उसवून निघत नाही आणि अंगात विरघळूनही जात नाही. झाडीबोलीला मराठीत अशी जागा हवी. विणकर नाहीसा झाला तर ही वीण पुस्तकातून शिकवता येणार नाही. तसेच गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे. घराचा मोबदला कमीजास्त मिळाला असेल. पण प्रत्येक बांधीला, प्रत्येक पारीला, प्रत्येक बोडीला जी नावे होती त्यांचा मोबदला कोणत्या कलमात होता? पुनर्वसनात प्लॉटला नंबर मिळाले. नंबराला बोली नसते.

तेव्हा करायचे काय, ते साधे आहे.

गणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईलाही बोलू द्या. आईची भाषा विचारणार आहेत, मग आईलाच पुढे बसवा. ज्या घरात झाडी बोलतात त्या घराने मान वर करून झाडीबोली सांगावी. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी. गोंडी असेल तर गोंडीच सांगावी. शेजारच्या मराठी माणसाने तिथे उभे राहून "मराठी लिहा" म्हणू नये. जी भाषा तुम्हाला आणखी येते, तिची नोंद घेण्याचाही रिवाज आहे. तिथे मराठी, हिंदी, जे येते ते सांगा. गणक म्हणेल, अहो ही तर बोली, मी मराठीच लिहितो. त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि सांगा, मी म्हणतो तेच लिही भाऊ. माहिती स्वतः भरायची सोय असेल तर पोरांच्या मोबाइलवर बसून भरा, पण पोराला "मराठीच बरे दिसते" असे करू देऊ नका. लिहिलेले वाचून दाखव म्हणा. एकदा न वाचता अंगठा दिला, त्याची किंमत आम्ही पाहिलेली आहे.

आणि सरकारकडे आमची मागणी आहे. झाडीबोली मराठीच्या खात्यातच धरावी, पण तिचा आकडा वेगळा छापावा. खाती पाडण्याआधी त्या त्या बोलीच्या जाणकारांना आणि बोलणाऱ्यांना बोलवावे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ काढले आहे, त्याने भंडाऱ्यात येऊन बसावे, कोश छापावेत, खडी गंमतीच्या जुन्या शाहिरांची आवाजपट्टी करावी, कारण ते एकेक करून जात आहेत. जिल्ह्यातल्या पहिली-दुसरीच्या गुरुजींना झाडीबोलीचे शिक्षण द्यावे. पोराने "डोरा" म्हटले तर त्यालाच ळ शिकवायची पायरी करावी, छडी नव्हे. आणि कामगाराचा जबाब, मग तो गिरणीत असो, खाणीत असो, विडीच्या कारखान्यात असो, त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही-अंगठा घेऊ नये, असा नियम करावा. आमच्या सोबत्याला हा नियम मिळाला असता तर त्याची ढोरे त्याच दिवशी पुन्हा डोळे झाली असती.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत. त्यावर आपल्या गावच्या बांध्यांची, बोड्यांची, रोवणीच्या गाण्यातल्या अडलेल्या शब्दांची नावे लिहा, म्हातारीला विचारून लिहा, आणि पुढच्या सभेला घेऊन या. लिहिता येत नसेल तर तसेच या. आम्ही लिहून घेऊ, आणि तुम्हाला वाचून दाखवू.